दोन मुठी जास्त

२० नोव्हेंबर १९९४, रविवार

पिशवी जड होती.

आभाराचा सण, सगळ्यांच्याच पिशव्या फुगलेल्या होत्या. पण माझी पिशवी मी भरली होती ना! किती भरली ते मला ठाऊक आहे. रोज भात टाकताना देवाच्या नावाने चमचाभर तांदूळ बाजूला. घरात जितकी माणसं तितके चमचे, आणि प्रत्येक चमच्याला त्या माणसाचं नाव घ्यायचं. माझ्या घरात माणूस एक, चमचा एक. दोन वेळचे सात दिवसांचे चौदा. शनिवारी झाडलोट झाली की चर्चच्या पडवीतल्या खिळ्याला पिशवी अडकवायची. रविवारी उपासनेनंतर मी सगळ्या पिशव्या लाकडी पेटीत ओतते. वीस वर्षं मीच ओततेय. पेटीतला तांदूळ पाळकांच्या घरी जातो, आणि गावातल्या अडल्यानडल्यांकडे.

चाळीस वर्षं बाजारात सुकी मासळी तोलली मी. माझा हात हाच तराजू. आज पिशवी खिळ्यावरून काढली आणि हात म्हणाला — दोन मुठी जास्त.

मागच्या रविवारीही तसंच वाटलं होतं. तेव्हा म्हटलं, खांदा धरलाय म्हणून. आज खांदा धरलेला नव्हता.

कोणीतरी माझ्या पिशवीत तांदूळ घालतंय.

२१ नोव्हेंबर, सोमवार

चोरी झाली असती तर परवडलं असतं. चोराला काय हवं ते कळतं. पण घालून जाणाऱ्याला काय हवं असतं?

२३ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेच्या प्रार्थनेला अकरा जणी आणि एक म्हातारा. जमीन गार. खालून जमीन तापवायच्या कोळशाच्या वड्या वाचवतात, दुसरं काय.

सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करायची आमची रीत मला आवडते. कोण काय मागतंय ते कोणाला ऐकू येत नाही. बोंग-निमचं येतं! तिला देवाशी बोलायचं असलं तरी समोरच्या बेटावर ऐकू गेलं पाहिजे.

मी ओळीने नावं घेते. पाळकसाहेब. पाळकीणबाई, मूल होऊ दे. घाटाखालचा आंधळा. बोंग-निमचे गुडघे (आणि तिची जीभ). मग मान-सूच्या नावाशी येते आणि वळसा घालते. सात वर्षं झाली वळसा घालतेय.

देवाशी बोलताना शब्द सांभाळावे लागतात, वहीशी नाही. म्हणून इथे लिहिते. एकुलता एक मुलगा. बाप पाळकांच्या उजव्या हाताला बसणारा माणूस, तो जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि पोराने बायको कुठली आणली? टेकडीपलीकडच्या देवऋषिणीची मुलगी! जिच्या दारात बांबूला पांढरं-तांबडं फडकं लागतं, जी ढोल बडवून मेलेल्यांशी बोलते, तिची! मी म्हटलं, ती नाहीतर मी, काय ते ठरव. तो म्हणाला, आई, असं विचारू नकोस. मी विचारलंच.

तो घर सोडून गेला त्या संध्याकाळी भात टाकताना त्याचा चमचा काढला नाही. पुन्हा कधीच काढला नाही. कोणाला बोलले नाही, पण या गावात पिशवीचं वजन सगळ्यांना कळतं. त्याआधी सगळं गाव मला मान-सूची आई म्हणायचं. नंतर हळूहळू सगळे चर्चमधल्या पदावरून ‘सेविकाबाई’ म्हणायला लागले. एवढं मात्र गावाला न सांगता कळलं.

पिशवीवर अजून जुनंच नाव आहे. ‘मान-सूची आई.’ निळ्या दोऱ्याने भरलेलं. उसवायचं राहून गेलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

आजही दोन मुठी!

या वेळी ओतायची घाई केली नाही. सगळ्या जणी वर जेवायला गेल्या तेव्हा पिशवीचं तोंड उघडून बघितलं. माझा तांदूळ खाली. जुना, जरा पिवळा, तुकडा मिसळलेला — लिहायला लाज कशाला, चांगला मी स्वतः खाते. त्याच्यावर हा दुसरा. नवा, पांढरा, एकही तुकडा नाही, खडा नाही, साळ नाही. दाणा न् दाणा निवडलेला.

असा तांदूळ माणूस पोटासाठी निवडत नाही. कशापुढे तरी मांडायला निवडतो.

वरचा सगळा काढून ओच्यात घेतला आणि घरी आणला. देवाच्या पेटीत कोणाचं काय जाऊ द्यायचं ते बघायला मी बसलेय ना तिथे?

आता संशय कोणाकोणावर घ्यायचा —

पाळकीणबाई. नवीन, गोड बोलणारी. तिला वाटत असेल म्हातारी गरीब आहे, तिची लाज राखू. पण ती तांदूळ निवडते कधी? तिच्या भातात मला दोनदा खडा लागलाय.

बोंग-निम. ही असणार. वीस वर्षं तिचा पेटीवर डोळा आहे. मुलाचा वाटा आईने काढला नाही तो आम्ही भरतो बघा! अशी चिमटा काढायची तिची जुनी सवय. न बोलता मारलेला टोमणा. आणि तोंडाने म्हणेल, अक्का, मी कशाला?

२८ नोव्हेंबर, सोमवार

तो तांदूळ घरात ठेववेना. शिजवायची तर छातीच होईना. कोंबड्यांना घातला.

मग दिवसभर कोंबड्यांवर लक्ष ठेवून बसले.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

कोंबड्या धडधाकट. तपकिरीने तर आज केवढं मोठं अंडं दिलं! तरीही मला पटत नाही.

३ डिसेंबर, शनिवार

पाळत ठेवली.

झाडलोट झाल्यावर निघाल्याचं नाटक केलं, मग मागच्या दाराने परत चर्चच्या स्वयंपाकघरात. दाराच्या फटीतून खिळे दिसतात. तासभर काही नाही. एक मांजर आलं आणि गेलं. मग — बोंग-निम! इकडे तिकडे बघितलं, सरळ माझ्या खिळ्याशी, पिशवी उतरवली, पाठमोरी वळून हातात काहीतरी करत बसली. किती वेळ! मग पिशवी परत लावली आणि गुडघे धरत गेली.

दिसलं ते दिसलं! तिथल्या तिथे हात धरायला हवा होता. धरला नाही. चार जणींसमोर धरेन.

आनंद झाला. खरं लिहायचं तर फार आनंद झाला.

४ डिसेंबर, रविवार

दोन मुठी. परत निवडलेला. परत कोंबड्यांना.

आज पाळकसाहेबांचा बोध कृपेवर. चौतिशीचा पोरगा, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, पण बोलतो चांगलं. म्हणाला, कृपा म्हणजे आपण न कमावलेलं, न मागितलेलं, आपल्या लायकीकडे न बघता दिलेलं. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मीही म्हटलं. मग दाराशी गाठलं त्यांना.

“पाळकसाहेब, न कमावलेलं घरात आलं की माझी आई कान पिळायची. कुठून आणलंस, कोणाचं आहे, आधी परत ठेवून ये.”

“कृपा परत ठेवायला जागा नसते, सेविकाबाई.”

“मग ओळखायची कशी? ही कृपा आणि ही लबाडी, हे कशावरून ठरवायचं?”

ते हसले. म्हणाले, “घेऊन बघा.”

घेऊन बघा! बाजारात असं म्हणणाऱ्याची मासळी हमखास शिळी असते.

चाळीस वर्षांत मला कोणी मिठाचा खडा फुकट दिला नाही. दिला तर दुसऱ्या दिवशी माझी टोपली हलवून बसायला जागा मागितली. पहाटे देवासमोर बसते तेव्हासुद्धा मनात तेच असतं. एवढ्या पहाटे उठते, एवढे चमचे काढते, एवढ्या पिशव्या ओतते, बघतोयस ना? मी देवाला काही फुकट मागितलेलं नाही. म्हणून तर त्याच्यासमोर ताठ बसता येतं.

६ डिसेंबर, मंगळवार

मंडळीची किमची घालायचा दिवस. चर्चच्या अंगणात खारवलेल्या कोबीचा डोंगर, चौदा जणी, कोपरापर्यंत तिखटाने लाल. गप्पा रंगात आल्या होत्या. मी मुद्दाम तीच वेळ निवडली.

“बोंग-निम, दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायची सवय कधीपासून गं?”

सगळं थांबलं.

“काय म्हणालात अक्का?”

“शनिवारी बघितलं मी. माझी पिशवी उतरवून काय करत होतीस? टोमणा मारायचा तर तोंडाने मार. देवाच्या तांदळाने कशाला मारतेस?”

तिने हातातला कोबी खाली ठेवला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण आवाज बारीक निघाला. “अक्का, तुमच्या पिशवीची नाडी तुटत आली होती. शिवत होते. तुम्हाला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, तुम्हीच म्हणाला होतात.”

तीच पुढे म्हणाली, “आणि तुमच्या पिशवीत काय कमी आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण सात वर्षांत मी एका शब्दाने बोलले का? सांगा ना, बोलले का?”

नाही बोलली. आठवून बघितलं. एकदाही नाही.

ती हात न धुता तशीच घरी गेली. पाळकीणबाई तिच्या मागे धावली. उरलेला कोबी आम्ही भरला.

७ डिसेंबर, बुधवार

नाडी बघितली. बारीक टाके, पांढऱ्या दोऱ्याचे. सुरेख शिवलीय मेलीने.

८ डिसेंबर, गुरुवार

पहाटेला बोंग-निम आली नाही. किती शांत होतं. प्रार्थनाच झाली नाही माझी.

१० डिसेंबर, शनिवार

पिशवीला आज मासळीबाजारातली गाठ मारली. ओली दोरी दाताने सोडवावी लागते तसली. बघू.

११ डिसेंबर, रविवार

गाठ सुटलेली! आणि परत बांधलेली — वेगळीच. दोन सारख्या पाकळ्या, टोकं खाली लोंबती.

दोन मुठी आहेतच. आणि बोंग-निम आठवडाभर मोठ्या बहिणीकडे आहे, म्हणजे ती नाही. मुळात ती नव्हतीच.

ती गाठ! मला ठाऊक आहे ती कुठली. मी लहान, भाऊ तापाने फणफणलेला, तेव्हा आई चोरून एका देवऋषिणीकडे घेऊन गेली होती. तिच्या बांबूवरच्या फडक्यांना अशा गाठी होत्या. आणि तिच्यापुढे परातीत तांदूळ होता. निवडलेला, एकही तुकडा नसलेला. चिमूट उडवायची आणि दाणे कसे पडले ते बघून सांगायची कोण मरणार.

मुलगा नेला. आता करणी करून उरलेलं न्यायला निघाली काय ही टेकडीपलीकडची? पाच आठवडे! पहिले दोन तर मी माझ्या हाताने पेटीत ओतले. पाळकांच्या पोटात गेले असतील.

हाही कोंबड्यांना घातला.

१३ डिसेंबर, मंगळवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

“सेविकाबाई, तो तांदूळ आम्ही खाल्ला का?”

“दोन आठवडे खाल्लात.”

“चव चांगली होती हो. बायको म्हणालीसुद्धा.” मग जरा गंभीर झाले. “देवाच्या पेटीत पडला की तो देवाचा. कोणाच्या हातून आला ते बघायचं काम आपलं नाही.”

“मग माझं काम काय?”

“ओतणं,” म्हणाले.

तरुण माणसं. यांनी अजून पाहिलंय काय!

१७ डिसेंबर, शनिवार

सगळं नीट लिहून काढते.

दुपारपासून स्वयंपाकघरात दडून होते. भाजलेलं रताळं ओंजळीत, त्याच्यावर हात शेकत. तीनच्या सुमारास फाटकाची कडी वाजली.

ती. सात वर्षांपूर्वी लांबून बघितली होती तेवढीच. म्हातारी झालीय. राखाडी गोधडीचा कोट, पांढरे रबरी जोडे. पडवीत यायच्या आधी तिने जोडे काढले, एवढ्या थंडीत, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून कमरेत वाकली. बंद दाराला! मग खिळ्यांपाशी आली, पिशव्यांवरची नावं बोटाने वाचत वाचत माझ्या पिशवीशी थांबली.

मी बाहेर आले. “ती मान-सूच्या आईची पिशवी आहे.”

दचकलीसुद्धा नाही. “ठाऊक आहे हो. दोन अक्षरं वाचता येतात मला. जावयाचं नाव होतं म्हणून तर सापडली.”

“भुतांपुढचा तांदूळ देवाच्या घरात आणतेस? लाज नाही वाटत?”

“भुतांपुढचा कसला, विहीणबाई? बाजारातला आहे. बसून निवडलाय. तुमच्यातच तुकडा असतो.”

विहीणबाई! सात वर्षांत मला त्या नावाने हाक मारायची कोणाची टाप नव्हती. मी म्हटलं, “मला विहीण म्हणू नकोस. आणि दाराशी वाकून नमस्कार कोणाला केलास?”

“घरधन्याला. दुसऱ्याच्या घरी न सांगता यायचं तर निदान नमस्कार तरी नको?”

“कशाला येतेस? काय हवंय तुला?”

ती पायरीवर बसली. टेकडी चढून आलेली, दम लागलेला. म्हणाली, “मान-सूच्या पोटात गाठ निघालीय. सव्वीस तारखेला ग्वांगजूच्या इस्पितळात कापणार आहेत.”

मी काय म्हटलं आठवत नाही. रताळं पडलं एवढं आठवतं.

मग म्हटलं, “मला कोणी सांगितलं नाही.”

“त्यानेच नको म्हटलं. आईला कळलं तर ती म्हणेल, देवाने शिक्षा केली.”

तोंड उघडलं मी, असं कधी म्हटलं नसतं म्हणून सांगायला. मिटलं. म्हटलं असतं. अगदी हेच म्हटलं असतं, ह्याच शब्दांत.

ती बोलत राहिली. “कळलं तेव्हा मी माझ्या देवांपुढे तीन दिवस ढोल वाजवला. काही उतरेना. म्हटलं, हा पोरगा ह्यांचा नाहीच. ज्याचा आहे त्याच्या दारी गेलं पाहिजे. मुलीला विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या देवाला काय लागतं गं? ती म्हणाली, मला कुठे ठाऊक. पण दारू चढली की एकच गोष्ट सांगतो, आई रोज त्याच्या नावाने चमचाभर तांदूळ काढायची आणि आता काढत नाही. मग म्हटलं, बरोबर! सात वर्षं पोराचा वाटाच पोचला नाही, तर देवाने तरी लक्षात कसं ठेवायचं?”

आता मात्र मी ताठ झाले. वीस वर्षांची सेविका आहे मी. म्हटलं, “आमचा देव तसा नाही. त्याचं तांदळावर अडत नाही. चमचा काढला काय, नाही काढला काय, तो कोणाला विसरत नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. “मग तुम्ही बंद कशाला केलात?”

मी वाकून पडलेलं रताळं उचललं.

तिने पिशवीत तांदूळ घातला, दोन मुठी, माझ्या समोर. गाठ मारली. जोडे घातले. फाटकाशी वळून म्हणाली, “माझा हात चालत नसेल तर तुम्ही घाला. कोणीतरी घाला म्हणजे झालं.”

१८ डिसेंबर, रविवार

कोंबड्या.

काल झोपताना लक्षात आलं आणि उठून बसले. तीन आठवडे माझ्या मुलाचा वाटा मी कोंबड्यांना घातला. गाठ पोटात घेऊन तो तिकडे आणि मी इकडे अंगणात उभी, ह्या मरतात का बघत!

आजची पिशवी आत न बघता, तशीच्या तशी पेटीत ओतली. माझा तुकडा आणि तिचा निवडलेला एकत्र पडला. पेटीत बघितलं तर कुठला कोणाचा ते मलाही सांगता येईना.

मग बोंग-निमकडे गेले. परत आलीय. दारातच म्हटलं, “माझं चुकलं.” ती म्हणाली, “आत या, गार वारा येतोय.” एवढंच. मी आणखी बोलायची वाट बघत होते, चार शब्द ऐकवेल, मग फिटंफाट होईल. तिने मुळ्याचं गरम कालवण वाढलं. असं केलं की माणसाने करायचं काय?

मान-सूचं सांगितलं. ती रडली. माझ्याआधी ती रडली.

१९ डिसेंबर, सोमवार

सकाळी भात टाकताना दोन चमचे. दुसऱ्यातला अर्धा चुलीवर सांडला. वेचला. एकेक दाणा.

२० डिसेंबर, मंगळवार

फोन लावला. सल-ही बोलली, माझी सून. “कोण?” म्हणाली. मी ठेवून दिला.

२१ डिसेंबर, बुधवार

परत लावला. “कोण?” मी म्हटलं, “मान-सूची आई.”

ती म्हणाली, “तो झोपलाय. उठवू?” मी म्हटलं, “नको, झोपू दे. सव्वीसला येते.” ती म्हणाली, “या.” मग फोन कोणी ठेवायचा ते ठरेना.

२३ डिसेंबर, शुक्रवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुठी दोन होत्या. दर वेळी दोन. एक मान-सूची — दुसरी कोणाची?

तिच्या मुलीची असणार. देवाच्या दारी आलोच आहोत तर आपलंही साधून घेऊ! बाई हुशार आहे. जुनी खोड आहे माझी, जात नाही. पण मी विचारणार आहे.

आणखी एक. पहाटे देवासमोर बसले आणि पहिल्यांदाच दाखवायला काही नव्हतं. उठले पहाटे, काढले चमचे, हो — पण कुठल्या तोंडाने सांगायचं? वाकूनच बसले. नावं घेत गेले आणि त्याच्या नावाशी आले. वळसा घातला नाही. पुढे जाताच आलं नाही. वेळ संपेपर्यंत तिथेच होते.

तरी भरवसा ठेव म्हणतात तो कसा ठेवायचा, मला येत नाही. सव्वीसला काय होणार ते तो सांगत नाही. न तोलता घ्यायचं म्हणजे हेच असेल तर फार अवघड आहे.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणासाठी प्रार्थना करायची आहे का. मी उभी राहिले. “माझ्या मुलासाठी. मान-सूसाठी.” सात वर्षांनी त्या छपराखाली ते नाव मोठ्याने घेतलं.

सगळे एकदम सुरू झाले. बोंग-निमचा आवाज सगळ्यांच्या वर. ओरडू दे. आज पार ग्वांगजूपर्यंत ऐकू जाऊ दे.

दुपारच्या बसने निघाले. टेकडीपलीकडच्या थांब्यावर ती चढली, कडेवर गाठोडं. माझ्या शेजारी जागा होती. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

अर्ध्या वाटेत कोंबड्यांचं सांगून टाकलं. ती इतकी हसली की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. “मग कोंबड्यांनी केली असेल हो प्रार्थना,” म्हणाली. “अंडी कशी होती?”

“मोठी,” मी म्हटलं.

२६ डिसेंबर, सोमवार

दहाला आत नेलं. ढकलगाडीवरून त्याने मान वळवली. किती वाळलाय. म्हणाला, “आई, जेवलीस का?” मी म्हटलं, “जेवले.” जेवले नव्हते.

चार वाजले. अजून बाहेर आणलेलं नाही.

दुसरी मूठ कोणाची ते विचारलं.

“तुमची,” म्हणाली. “घरातल्यांचे चमचे बाई काढते. एकट्या बाईचा दुसरं कोण काढणार?”

आता ती बाकावर झोपलीय. डोकं माझ्या खांद्यावर आलंय, धरलेल्या खांद्यावरच. मी हलत नाही.